ऑपरेशन, प्लॅस्टर, बाळंतपण, लांबचा प्रवास... आणि मग अचानक लागणारा दम : फुफ्फुसातली गुठळी वेळीच ओळखण्याबद्दल

मंजिरी_मिरज

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेले, खुब्याचं हाड मोडून रॉड बसवलेले, पायाला प्लॅस्टर घालून घरी पडून असलेले, अशा पेशंटकडून घरी जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. टाके, ताप, सूज याबद्दल घरचे आवर्जून विचारतात. पण "ताई, कालपासून यांना जरा दम लागतोय" हे बहुतेक वेळा मी निघताना, चपला घालताना कानावर पडतं. तेही पेशंट सांगत नाही, घरातलं दुसरंच कुणीतरी सांगतं. त्या एका वाक्यासाठी हा धागा काढतेय.

पोटरी, मांडी किंवा ओटीपोटातल्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होते. तिचा तुकडा सुटला की तो रक्ताबरोबर वर सरकतो, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जातो आणि फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात, वॉर्डात सगळे नुसतं 'पीई' म्हणतात. पायातल्या गुठळीला 'डीव्हीटी'. गुठळी फार मोठी असेल तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. वेळेत कळलं तर बहुतेक जण औषधांवर बरे होतात. त्यामुळे सगळं अडतं ते ओळखण्यापाशी.

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे दम. कालपर्यंत वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाणारा माणूस आज बाथरूमपर्यंत जाऊन आला की पलंगावर बसून राहतो, बोलताना वाक्य मध्येच तोडून श्वास घेतो. काहींचा दम एका क्षणात सुरू होतो, काहींचा दोन-चार दिवसांत वाढत जातो. दुसरं, छातीत एका बाजूला कळ, श्वास आत ओढला किंवा खोकलं की जास्त. घरात त्याला 'उसण भरली' म्हणतात आणि बाम चोळतात. बसल्या जागी नाडी १०० च्या वर जाणं, छातीत धडधड, कोरडा खोकला, थुंकीत रक्ताचे धागे, दरदरून घाम, घेरी येऊन पडणं, बारीक ताप. हे सगळं एकाच माणसात सहसा दिसत नाही. एखाद्याला फक्त दम असतो. एखादा पायरी चढताना भोवळ येऊन पडतो, आणि तेच त्याचं पहिलं लक्षण असतं.

आता खरा मुद्दा. यातलं प्रत्येक लक्षण सुटं घेतलं तर त्याला दहा साधी कारणं निघतात. अशक्तपणा, पित्त, सर्दी, रक्त कमी असणं, काळजी. म्हणून लक्षणाच्या जोडीला मागचे काही आठवडे बघायचे. ऑपरेशन झालंय का? प्लॅस्टर आहे का? माणूस तीन-चार दिवस अंथरुणाला खिळून होता का? नुकतंच बाळंतपण झालंय का? कॅन्सरचे उपचार चालू आहेत का? गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का? आधी कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली होती का? यातल्या एकाचं उत्तर 'हो' असेल आणि नवीन दम किंवा छातीत कळ असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. आणि ही माहिती डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच पहिल्या वाक्यात द्यायची : "तीन आठवड्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि सकाळपासून दम लागतोय. फुफ्फुसात गुठळी असू शकेल का?"

तुमच्यापैकी कुणी या अनुभवातून गेलं असेल तर जरूर लिहा.

सह्यवारा

ताई, फार उपयोगी धागा. एक शंका. वडिलांना पित्ताचा त्रास जुना आहे. छातीत दुखलं की ते सोडा घेतात आणि पडून राहतात. पित्त, हार्ट अटॅक आणि हे तुम्ही म्हणता ते, यातला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा?

डॉ_निशिगंध

मी फिजिशियन आहे, म्हणून यावर लिहितो.

घरच्या घरी हा फरक ओळखायचा नाहीच. अटॅक असो की गुठळी, दोन्हीकडे दवाखाना तोच, आणि घाईही तितकीच. पित्ताने घशाशी जळजळ होते, जेवणाशी त्याचा संबंध असतो, पण पित्ताने सहसा दम लागत नाही. छातीत दुखणं आणि दम एकत्र आले की सोडा, ओवा, पादेलोण यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने निघा. पेशंटला स्वतः गाडी चालवू देऊ नका, जिना उतरतानाही खुर्चीत बसवून उतरवा.

पीई फसवी का आहे ते सांगतो. न्यूमोनियात हवेच्या पिशव्या पाण्या-पुवाने भरतात, दम्यात नळ्या आकसतात, म्हणून स्टेथोस्कोप लावला की आवाज येतात. पीईमध्ये हवा आत पोचते, पण त्या भागात रक्तच पोचत नाही. त्यामुळे अनेकदा छाती तपासली तर साफ, एक्स-रे साधारण, आणि पेशंट मात्र धापा टाकतोय. मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना नेहमी सांगतो : छाती साफ असूनही पेशंटला दम लागत असेल तर सुटलो असं समजू नका, तिथून विचाराला सुरुवात करा.

गुठळी कुठे अडकली यावरही लक्षणं बदलतात. छोट्या गुठळ्या फुफ्फुसाच्या कडेपर्यंत जातात, तिथलं आवरण हुळहुळतं, म्हणून श्वासाबरोबर कळ येते आणि थुंकीत थोडं रक्त दिसतं. मोठी गुठळी मुख्य धमनीतच अडकते. तिथे दुखणं कमी असू शकतं, पण हृदयाच्या उजव्या कप्प्यावर एकदम भार येतो, बीपी खाली जातं, पेशंट बेशुद्ध पडतो. थोडक्यात, जास्त दुखतंय म्हणजे जास्त गंभीर, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

आणि बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर. कोविडनंतर ते घराघरात आहे. आकडा ९० च्या आसपास दिसला तर धावाच. पण ९७ दिसला म्हणून गुठळी नाही असं म्हणता येत नाही. पीईच्या कित्येक पेशंटचा ऑक्सिजन सुरुवातीला चांगला असतो. त्याच यंत्रावर नाडीचा आकडाही असतो, तोही वाचत जा.

चैत्रपालवी

बाळंतपणाचा उल्लेख केलात म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्या जाऊबाईंचं सिझेरियन झालं. माहेरी शेक-शेगडी, मालिश, सगळं रीतसर. ओली बाळंतीण म्हणून तिला पाणी प्यायलाही उठू देत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात बाळाला पाजताना तिला धाप लागायला लागली. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तर रक्त कमी आहे, झोप होत नाही, असं सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या. रात्री ती उताणी झोपूच शकेना, खांद्यामागे कळ यायची. तिच्या आईने हट्टाने पहाटे मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पोटरीबद्दल. डावी पोटरी दोन दिवस दुखत होती, पण सगळ्यांना वाटलं, एका कुशीवर झोपून आखडली असेल. सीटी केला तर दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या.

आता ती ठणठणीत आहे, बाळही. पण बाळंतिणीच्या दमाला इतकी कारणं आयती मिळतात की खरं कारण मागे पडतं.

मंजिरी_मिरज

चैत्रपालवी, त्या आजींनी हट्ट धरला हे किती बरं झालं.

गरोदरपणात रक्ताचा गोठण्याचा गुण मुळातच वाढतो. बाळंतपणात रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गानेच केलेली ती सोय. पण त्यामुळे गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका बराच वाढतो. सिझेरियन झालं असेल तर आणखी. डाव्या पायात जास्त होते, कारण डाव्या पायाची शीर ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीखाली दाबली जाते आणि गर्भाशयाचा भारही त्यात भर घालतो.

बाळंतिणीला विश्रांती हवीच, पण अंथरुणाला बांधून ठेवणं नको. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून दिवसातून चार वेळा घरातल्या घरात फिरू द्या. पाणी कमी पिण्याची पथ्यंही सोडा. आणि कृपा करून एक ऐका : एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दाबली की दुखत असेल, तर त्या पायाला तेल लावून मालिश करू नका. आत गुठळी असेल तर ती सुटू शकते. मालिशवाल्या मावशींनाही हे सांगून ठेवा, त्या ऐकतात.

ग्रंथभेट

बाळंतपणावरून टेनिसपटू सेरेना विल्यम्स आठवली. तिला २०११ मध्ये एकदा फुफ्फुसात गुठळ्या झाल्या होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये मुलगी झाली, सिझेरियन. दुसऱ्याच दिवशी दम लागायला लागल्यावर तिने ओळखलं. नर्सला सांगितलं की मला कॉन्ट्रास्टचा (शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्या दाखवणारा) सीटी स्कॅन आणि हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करण्याचं औषध, हवंय. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे ही गोंधळली आहे. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. मग सीटी झाला आणि फुफ्फुसात गुठळ्या दिसल्या. तिने हे सगळं पुढे जाहीरपणे सांगितलं. जगातल्या सर्वात प्रसिद्ध खेळाडूंपैकी एकीला, आधीचा इतिहास माहीत असतानाही, इतकं सांगावं लागलं.

डॉ_निशिगंध

ग्रंथभेट, या उदाहरणात एक वैद्यकीय मुद्दाही आहे. पायांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर, साधारण आली म्हणून फुफ्फुसात गुठळी नाही असं होत नाही. पायातली गुठळी आख्खीच सुटून वर गेलेली असू शकते, किंवा ती ओटीपोटात झालेली असू शकते. डॉपलरमध्ये गुठळी दिसली तर मात्र निदानाला मोठी मदत होते, कारण उपचार बहुतांशी तेच. गरोदर बाईला स्कॅन टाळता येतो का हे बघायला म्हणूनच आधी डॉपलर करतात. पण गरज पडली तर स्कॅन करतात. बाळाला किरणांचा त्रास होईल या भीतीने घरच्यांनी अडवू नये. न ओळखलेली गुठळी आईला आणि बाळालाही कितीतरी जास्त धोक्याची.

रानजाई

एक विचारू का, जरा संकोच वाटतोय. आमच्याकडे गौरी-गणपती, पूजा, लग्नकार्य असलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतात. मेडिकलमध्ये मागितल्या की मिळतात. त्यानेही असं होतं का?

डॉ_निशिगंध

संकोच नको, फार महत्त्वाचा प्रश्न आहे. त्या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे हार्मोन असतं. पाळी ढकलण्यासाठी ते ज्या प्रमाणात घेतात, त्यात त्यातला काही भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या एका प्रकारात बदलतो, आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. निरोगी तरुण बाईला चार-आठ दिवसांत काही होण्याची शक्यता कमी असते. पण जिला आधी गुठळी झाली आहे, जिच्या आई-बहिणीला झाली आहे, जी सिगारेट ओढते, जिचं वजन खूप जास्त आहे, जी अलीकडे अंथरुणाला खिळून होती, तिने या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ज्या कुणी घेतल्या असतील त्यांनी गोळ्या चालू असताना पाय सुजला, दम लागला तर गोळी बंद करून लगेच दाखवावं आणि गोळी घेतल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. सासूबाई शेजारी बसल्या आहेत म्हणून ही माहिती लपवली जाते, हे मी पाहिलंय. डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय असं सरळ म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

रानजाई

धन्यवाद डॉक्टर. हे आमच्या भिशीच्या ग्रुपवर टाकते.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असते. लांबच्या प्रवासाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडचे कितीतरी आई-वडील लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून इकडे येतात. पंधरा-सोळा तास विमानात. बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, शेजाऱ्याला उठवायला नको म्हणून जागचे हलत नाहीत. माझ्या सासऱ्यांना इथे आल्यावर आठवड्याभरात दम लागायला लागला. थंडी बाधली असेल, म्हणून ते हळदीचं दूध पीत राहिले. सगळ्यात मोठी भीती इमर्जन्सीच्या बिलाची. "इन्शुरन्स यात बसतो का ते आधी बघ," म्हणून ते अडून बसले. शेवटी नवऱ्याने त्यांचं न ऐकता गाडीत घातलं. पीई निघाली. येणाऱ्या आई-वडिलांचा इन्शुरन्स काढताना त्यात नवीन उद्भवलेला आजार आणि इमर्जन्सी कितीपर्यंत बसते हे आधीच वाचून, त्यांना नीट समजावून ठेवा. ऐन वेळी ते बिलाच्या भीतीने लक्षणं लपवतात.

ग्रंथभेट

हडसनकाठ, बसून राहण्याचा हा धोका विमानांच्या आधीपासून ज्ञात आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बहल्ले चालू असताना लोक रात्रभर आश्रयस्थानांत घडीच्या खुर्च्यांवर बसून झोपत. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी १९४० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की अशा लोकांत फुफ्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू वाढलेत. खुर्चीच्या पुढच्या दांडीने मांडीमागच्या शिरा दाबल्या जात.

आणि अलीकडचं उदाहरण, अमेरिकन टीव्ही पत्रकार डेव्हिड ब्लूम. २००३ मध्ये इराक युद्धाचं वार्तांकन करताना दिवसचे दिवस लष्करी वाहनात पाय दुमडून बसला होता. पायात गोळे येत असल्याची तक्रारही त्याने केली होती. ६ एप्रिलला गेला. वय अवघं ३९.

मंजिरी_मिरज

प्रवासाबद्दल एक आकडा सांगते, नाहीतर विमानाची नाहक भीती बसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण एकूण बघता साधारण ६००० प्रवाशांत एकाला. आणि हे फक्त विमानाचं नाही, रेल्वे, बस, मोटार सगळ्याचं आहे. नागपूर-मुंबई रातराणीतही तेच पाय लोंबकळत असतात. तासा-दीड तासाने टाच टेकवून चवडे वर, चवडे टेकवून टाच वर, असं वीसेक वेळा करा. पोटरीचे स्नायू आवळले की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. पिशव्या पायांजवळ कोंबू नका. ज्यांना आधी गुठळी झाली आहे त्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारायचं, दाबाचे मोजे किंवा औषध लागेल का ते. आणि धोका उतरल्याबरोबर संपत नाही, पुढचे काही आठवडे राहतो.

आबा_कराड

लसूण, आलं आणि हळद रोज घेतली तर रक्त पातळ राहतं, गुठळीचा प्रश्नच येत नाही. आमच्या पिढीने कुठे रक्त पातळ करायच्या गोळ्या खाल्ल्या?

डॉ_निशिगंध

आबा, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो. स्वयंपाकातली लसूण जरूर खा. पण फुफ्फुसात अडकलेल्या गुठळीवर लसूण हा उपचार नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी पीईच्या पेशंटचे दोन गट केले. रक्त पातळ करण्याचं औषध न दिलेल्या १९ जणांतले ५ जण गुठळीने दगावले, औषध दिलेल्या १६ जणांत त्याने एकही नाही. तो प्रयोग पुढे तसाच चालू ठेवणं योग्य वाटलं नाही, म्हणून नंतरच्या सगळ्यांना औषध दिलं. तुमच्या पिढीतही या गुठळ्या होतच होत्या. 'चालता-बोलता गेला' म्हणून जे सांगतात, त्यातले काही जण यानेच गेले असणार. तेव्हा बघायला सीटी नव्हता.

आबा_कराड

माझा मेहुणा असाच गेला. मांडीचं हाड मोडलं होतं, दीड महिना पलंगावर. उठून बसला आणि गेला. कुणी काही सांगू शकलं नाही. हे आज वाचून समजतंय.

केतकी_परभणी

कृपया कुणीतरी लगेच सांगा. आईला (६२, शुगर आहे) कालपासून डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलाय, लाल झालाय, गरम लागतोय. ताप १०१. दम नाही. मागच्या महिन्यात डेंग्यू झाला होता, आठवडाभर पडून होती. आमच्या गावात डॉपलर नाही. उद्या सोमवारी नेलं तर चालेल का?

डॉ_निशिगंध

केतकीताई, उद्यावर टाकू नका, आजच परभणीला न्या. ही गुठळी असू शकते, त्वचेखालचा जंतुसंसर्ग असू शकतो. शुगर असताना दोन्ही धोक्याचे, आणि नुसतं इथे वाचून यातलं कुठलं ते मला सांगता येणार नाही. पाय चोळू नका, शेकू नका. शुगरच्या आणि इतर सगळ्या गोळ्यांची पाकिटं, डेंग्यूचे रिपोर्ट बरोबर घ्या. वाटेत दम लागला, छातीत दुखलं, घेरी आली तर १०८.

मंजिरी_मिरज

केतकी, निघण्याआधी दोन मिनिटं काढून एक कर. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनाने खूण कर आणि शिवणाच्या टेपने तिथला घेर मोज. आवळायचं नाही, टेप नुसती टेकवायची. आकडे लिहून घे. दोन पायांत ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर डॉक्टर त्याला महत्त्व देतात. फरक कमी असला तरी जायचंच आहे, फक्त सांगायला आकडा हाताशी राहील.

(मी हे प्रत्येक भेटीत करते. ऑपरेशन झालेला पाय मुळात सुजलेलाच असतो, म्हणून एकदा मोजून काही कळत नाही. मागच्या भेटीपेक्षा वाढला का, हे बघावं लागतं. त्यासाठी तारखेसह वहीत लिहिते. घरच्यांनाही तीच वही ठेवायला लावते.)

उत्तरक्षितिज

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. असे धागे वाचून लोक घाबरतात. पोटरीत गोळा आला की सीटी स्कॅन काढायला धावतील. खर्च आहे, किरणं आहेत. सगळ्यांनी तपासण्या करत सुटावं का?

डॉ_निशिगंध

राग कसला, रास्त प्रश्न आहे. प्रत्येकाचा सीटी कुणीच करत नाही. आधी आम्ही मोजमाप करतो : पायाला गुठळीची चिन्हं आहेत का, नाडी १०० च्या वर आहे का, गेल्या चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा तीन दिवस अंथरूण आहे का, आधी गुठळी झाली होती का, थुंकीत रक्त, कॅन्सर, आणि दुसरं काही कारण जास्त पटतंय का. याला वेल्स स्कोअर म्हणतात. शक्यता कमी असेल तर डी-डायमर ही रक्ताची तपासणी करतात. ती साधारण आली की बहुतेक वेळा विषय संपतो, सीटी लागत नाही. पण ती वाढलेली आली म्हणजे गुठळी आहेच असंही नाही. ऑपरेशन, गरोदरपण, जंतुसंसर्ग, कॅन्सर, वाढतं वय, सगळ्यात ती वाढते. पन्नाशीपुढे वयाच्या दहापट आकड्यापर्यंत चालवून घेतात, तेही लॅबचं एकक बघून. म्हणून स्वतःच लॅबमध्ये जाऊन डी-डायमर करून घेणं आणि आकडा बघून रात्रभर जागणं, हे नकोच. आणि शक्यता मुळातच जास्त असेल तर डी-डायमरमध्ये वेळ न घालवता थेट सीटी.

सीटी तालुक्याला नसतो ही खरी अडचण. पण संशय दाट असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन आधी देऊन मग पेशंट पुढे पाठवता येतो. तेवढं तालुक्यालाही होऊ शकतं, फक्त गुठळीचा विचार कुणाच्या तरी मनात यायला हवा.

मंजिरी_मिरज

उत्तरक्षितिज, पोटरीत रात्री गोळा येऊन दोन मिनिटांत सुटला तर कुणीही धावू नये. तो जवळपास सगळ्यांना येतो. गुठळीचं दुखणं सुटत नाही, दिवसभर राहतं, चालताना वाढतं, आणि बहुधा एकाच पायाला. संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर येणारी सूजही वेगळी, तिची कारणं निराळी. माझे किती पेशंट "ताई तुम्हाला उगाच त्रास" म्हणत गप्प राहतात! घाबरून धावणारे मला त्यांच्याइतके दिसत नाहीत.

केतकी_परभणी

काल रात्री आईला परभणीला आणलं. डॉपलर झालं, गुठळी नाही. डॉक्टर म्हणाले सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालचा जंतुसंसर्ग आहे, पायाच्या बोटांमधल्या भेगेतून संसर्ग गेला. शुगर ३४० निघाली. सलाइनमधून अँटिबायोटिक चालू केलंय, तीन-चार दिवस ठेवणार. आजपर्यंत थांबलो असतो तर पाय जास्त बिघडला असता म्हणाले. पोटरीत फरक साडेतीन निघाला होता, ते डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं. तुम्हा दोघांचे खूप आभार.

डॉ_निशिगंध

छान झालं. बोटांमधल्या भेगा रोज बघत जा आणि शुगर आवरा. अंथरुणात असतानाही पावलं वर-खाली हलवत राहायला सांगा, आई आता पुन्हा दवाखान्यात पडून आहेच.

सोनसळी

मला दोन वर्षांपूर्वी पीई झाली. काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, रक्त पातळ करायच्या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत, नवीन होऊ देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीरच हळूहळू करतं. म्हणून बरं वाटलं की गोळी सोडायची नाही. मला किमान तीन महिने सांगितलं होतं, नंतर कारण सापडलं नाही म्हणून पुढे चालू ठेवली. दुसरी, माझी गोळी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) बघून घ्यायची जुनी आहे. दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. पालेभाजी बंद करू नका, पण रोज साधारण सारखी खा. आठवडाभर काही नाही आणि संक्रांतीच्या भोगीला एकदम ढीगभर, असं केलं की आकडा हलतो. तिसरी, डोकेदुखी-गुडघेदुखीसाठी मनाने वेदनाशामक घ्यायची नाही, आणि दातवाल्यांकडे गेलं तरी आधी सांगायचं.

आणि एक विचारायचं होतं. इतक्या दिवसांनी अजूनही दोन जिने चढले की मी थांबते. घरचे म्हणतात मनाची भीती आहे. पहिले काही महिने होतीच, छातीत जरा चमकलं तरी पोटात गोळा यायचा. पण आता तसं वाटत नाही. खरंच दम लागतो.

डॉ_निशिगंध

सोनसळी, मनाची भीती म्हणून सोडून देऊ नका. तीन महिने औषध नीट घेऊनही दम राहिला असेल तर बघावंच लागतं. काही थोड्या पेशंटमध्ये जुनी गुठळी विरघळत नाही, ती धमनीच्या भिंतीला चिकटून कडक होते आणि फुफ्फुसातला दाब वाढत जातो. आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, त्यात उजव्या बाजूचा दाब कळतो. दाब वाढलेला दिसला तर पुढे व्ही-क्यू स्कॅन करतात, त्यात फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतंय ते दिसतं. यावर गोळ्या आहेत, काहींना शस्त्रक्रियाही करता येते, पण त्यासाठी आधी ओळखावं लागतं. इको साधारण आला तर मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, वजन आणि सुटलेला व्यायाम यांच्याकडे बघू.

मंजिरी_मिरज

आणि इको साधारण आला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्यांपासून सुरू करू, नाडी मोजत. तोपर्यंत एक लिहून ठेव : आज कितव्या पायरीला थांबलीस आणि पुन्हा नीट बोलता यायला किती मिनिटं लागली. इकोला जाताना तो कागद बरोबर ने.

सोनसळी

गुरुवारची वेळ मिळाली आहे इकोची. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.